रात्री डोक्याला मार लागला: सीटी स्कॅन लगेच करायचा की सकाळी चालेल?

"डोक्याला मार लागलाय ना, मग आधी सीटी काढा." रात्री रुग्णालयाच्या दारात हे वाक्य अनेकदा डॉक्टरांच्या आधी नातेवाईकच म्हणतात. याच्या उलट बोलणारेही घरोघरी असतात. "आता एवढ्या रात्री कुठे जाता? झोपू द्या त्याला, सकाळी बघू."

पहिल्या सल्ल्यामुळे गरज नसलेला माणूस मध्यरात्री साठ-सत्तर किलोमीटर प्रवास करतो, काही हजार रुपये खर्च करतो आणि 'सगळं नॉर्मल' असा कागद घेऊन पहाटे घरी येतो. दुसऱ्या सल्ल्यामुळे एखाद्याचा जीवही जाऊ शकतो.

मग ठरवायचं कसं? याचं उत्तर घड्याळात नाही, माणसाच्या लक्षणांत आहे. ज्याला दुपारी दोन वाजता सीटीची गरज नसते, त्याला रात्री दोन वाजताही नसते. आणि ज्याला रात्री दोनला गरज आहे, त्याने सकाळी दहाची वाट पाहून चालत नाही. हे नीट समजून घेऊया, आणि तेही धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात. कारण इथे सीटीचा निर्णय हा प्रवासाचाही निर्णय असतो.

धाराशिवमध्ये हा प्रश्न जास्त अवघड का?

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर आहे. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ तुळजापूर आणि धाराशिववरून जातो. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ नळदुर्ग आणि उमरग्यावरून जातो. उसाच्या हंगामात रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, त्यातल्या कित्येकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. नवरात्रात आणि कोजागरीला हजारो भाविक रात्री पायी तुळजापूरकडे निघतात. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा माळवदावर झोपायची पद्धत आहे. थोडक्यात, डोक्याला मार लागायला इथे रात्र ही आडवेळ नाही.

उपचाराची साखळी मात्र लांब आहे. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतो, तिथे तो असणं अपेक्षितही नाही. त्यापुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि मग धाराशिवचं सिव्हिल. धाराशिवमध्ये २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर रुग्णाला बहुतेकदा सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं. तुळजापूरहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे, धाराशिवहून सत्तरच्या घरात. भूम-परांड्याकडच्या लोकांना बार्शी जवळ पडते.

त्यामुळे शहरात 'सीटी करायचा का' एवढाच प्रश्न असतो. इथे त्यासोबत 'आत्ता गाडी काढायची का, आणि कोणत्या दिशेला' हेही ठरवावं लागतं.

सीटीत काय दिसतं, काय दिसत नाही?

सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणांनी वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली मोजमापं आणि त्यातून संगणकाने तयार केलेल्या डोक्याच्या आडव्या चकत्या. इंग्लंडमधल्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आज डोक्याचा साधा स्कॅन काही सेकंदांत होतो.

ताजं रक्त सीटीत पांढरं दिसतं. त्यामुळे मेंदूत किंवा मेंदूभोवती झालेला रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदूला आलेली मोठी सूज आणि मेंदू एका बाजूला सरकणं हे सगळं चटकन कळतं. कवटी ही बंद डबी आहे. आत रक्त साठलं की मेंदूवर दाब येतो आणि तो कमी करायला कधीकधी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. रात्री सीटी करायचा तो मुख्यतः हे शोधण्यासाठी.

पण सीटी नॉर्मल आला म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही, असा अर्थ होत नाही. डोकं जोरात हलल्यामुळे मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं, त्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. ते सीटीत दिसत नाही. डोकेदुखी, गरगरणं, लक्ष न लागणं हे त्यानंतर काही दिवस राहू शकतं. लकव्याच्या पहिल्या काही तासांतही सीटी नॉर्मल दिसू शकतो. म्हणून स्कॅन तपासणीला मदत करतो, तपासणीची जागा घेत नाही.

मग सगळ्यांचाच स्कॅन केला तर बिघडलं कुठे?

पहिलं कारण किरणोत्सर्ग. डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. माती, खडक, हवा आणि अवकाशातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक सीटी जवळपास वर्षभराच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाएवढा. मोठ्या माणसासाठी एका स्कॅनचा धोका अगदी कमी आहे. गरज असेल तर या भीतीने स्कॅन टाळू नये.

लहान मुलांचं वेगळं आहे. त्यांच्या वाढत्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं. २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा: दहा वर्षांखालच्या १० हजार मुलांच्या डोक्याचे सीटी केले, तर पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा साधारण एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण आढळेल. धोका छोटा आहे, पण शून्य नाही. म्हणून मुलाचा स्कॅन कारण असेल तरच करायचा.

दुसरं कारण रात्रीचं मनुष्यबळ. रात्री तंत्रज्ञ अनेकदा घरून बोलवावा लागतो. रेडिओलॉजिस्ट जागेवर असेलच असं नाही, मग चित्रं ऑनलाइन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरकडे जातात. गरज नसलेले चार स्कॅन रांगेत असतील, तर खरी गरज असलेला पाचवा थांबतो.

तिसरं कारण प्रवास. रात्री अपुऱ्या झोपेतल्या ड्रायव्हरबरोबर खासगी जीपमधून साठ किलोमीटर जाणं हाही एक धोकाच आहे, फक्त तो कोणत्या रिपोर्टमध्ये येत नाही.

तरीही रात्री नको तेवढे स्कॅन का होतात?

डॉक्टर एकटा असतो, समोर वीस नातेवाईक असतात. रुग्णाला तीन-चार तास निरीक्षणाखाली ठेवायला खाट नसते. 'काही राहून गेलं तर' ही भीती असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून तपासणी न केल्याबद्दल जाब विचारला जाईल, ही चिंता वाढली. जास्त तपासणी केल्याबद्दल मात्र सहसा कुणी भांडत नाही. शिवाय अनेकांना डॉक्टरने हाताने केलेली तपासणी 'काहीच केलं नाही' अशी वाटते आणि मशीनचा कागद मिळाला की समाधान होतं.

यातून वाट काढायला जगभरात नियम तयार झाले आहेत.

कोणाला लगेच सीटी हवा?

डॉक्टर आधी रुग्णाची शुद्ध मोजतात. त्यासाठी 'ग्लासगो कोमा स्केल' वापरतात. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. पूर्ण भानावर असेल तर १५ आणि सर्वांत कमी ३.

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोठ्या माणसात पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर ती लक्षात आल्यापासून तासाभरात सीटी व्हायला हवा:

- रुग्णालयात आल्यावर शुद्धीचे गुण १२ किंवा कमी
- मार लागून दोन तास झाले तरी पूर्ण भानावर नाही
- कवटी फुटल्याची किंवा आत दबल्याची शंका
- कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असल्याच्या खुणा: नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव, दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं वर्तुळ, कानामागे निळा डाग
- मारानंतर झटका (आकडी) येणं
- हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, नजरेत फरक
- एकापेक्षा जास्त वेळा उलटी

यांच्यासाठी रात्र-दिवस हा प्रश्नच नाही. यातलं काही दिसलं की निघायचं.

दुसरा गट आहे तो काही क्षण बेशुद्ध झालेल्यांचा किंवा घटना न आठवणाऱ्यांचा. त्यात वय ६५ किंवा जास्त असेल, रक्त न गोठण्याचा आजार असेल, गाडीने उडवलं असेल, गाडीतून बाहेर फेकला गेला असेल, एक मीटरपेक्षा किंवा पाच पायऱ्यांपेक्षा उंचावरून पडला असेल, किंवा माराच्या आधीचा अर्ध्या तासापेक्षा जास्त काळ आठवत नसेल, तर मार लागल्यापासून आठ तासांत सीटी करायचा.

'सकाळी चालेल का' या प्रश्नाला जागा आहे ती या दुसऱ्या गटात. रात्री अकराला पडलेल्या, आता शुद्धीवर असलेल्या आणि दुसरं कुठलंही धोक्याचं लक्षण नसलेल्या माणसाचा सीटी सकाळी सातपर्यंत झाला, तरी तो वेळेत आहे. अट एकच: मधले तास तो रुग्णालयात, कुणाच्या तरी नजरेखाली असला पाहिजे. प्रकृती बदलली तर तो लगेच पहिल्या गटात जातो. 'घरी झोपवून सकाळी बघू' आणि 'रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवून सकाळी बघू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातलं काहीच नसेल तर? २००१ साली कॅनडातल्या दहा रुग्णालयांत ३,१२१ रुग्णांचा अभ्यास झाला. हे सगळे किरकोळ वाटणाऱ्या माराचे, पण थोडा वेळ बेशुद्ध झालेले, गोंधळलेले किंवा घटना विसरलेले रुग्ण होते. त्यातल्या फक्त ४४ जणांना शस्त्रक्रियेसारख्या तातडीच्या उपचाराची गरज लागली. पाच धोक्याच्या खुणा पाहिल्या, तर ते सगळेच्या सगळे सापडत होते. आणि या खुणांमुळे सुमारे एकतृतीयांश रुग्णांचाच स्कॅन करावा लागत होता. वैद्यकशास्त्रात हा नियम 'कॅनेडियन सीटी हेड रूल' म्हणून ओळखला जातो. लक्षात ठेवा, तो १६ वर्षांखालच्यांना, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि झटका आलेल्यांना लागू होत नाही.

या तीन ठिकाणी फसगत होते

*दारू प्यायलेला माणूस.* "पिऊन पडलाय, उतरली की उठेल" हे वाक्य रात्रीच्या वेळी सर्वांत धोकादायक. दारूने आलेली गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखी दिसते. डोक्याला मार आहे आणि माणूस भानावर नाही, तर आधी मेंदूची इजा गृहीत धरायची. दारूवर खापर नंतर फोडता येतं.

*म्हातारी माणसं.* रात्री लघवीला उठले, न्हाणीत घसरले, टेंगूळ आलं. मार छोटा वाटतो. पण वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि त्याच्याभोवतीच्या शिरा ताणल्या जातात, म्हणून छोट्या धक्क्यानेही त्या फाटू शकतात. कधी रक्त हळूहळू साठतं आणि दोन-तीन आठवड्यांनी चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, झोपाळूपणा सुरू होतो. अशा वेळी 'वय झालं' असं म्हणून सोडून देऊ नका. मागचं पडणं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.* हृदयाची झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले, पायात गुठळी झालेले लोक वॉरफरिन, असेनोकुमॅरॉल, अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन यांसारखी औषधं घेतात. त्यांना लक्षण नसलं तरी डॉक्टर सीटीचा विचार करतात. गोळ्यांचं पाकीट किंवा प्रिस्क्रिप्शन सोबत न्या. पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

मूल पलंगावरून पडलं तर?

रात्री आईवडिलांना सर्वांत जास्त घाबरवणारी ही गोष्ट. अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास करून २००९ साली 'पेकार्न' नियम तयार झाले. त्या मुलांपैकी साधारण शंभरात एकाच्या मेंदूला गंभीर इजा होती. सीटी मात्र शंभरात ३५ जणांचा झाला होता.

मूल लगेच रडलं, शांत झालं, दूध प्यायलं, खेळायला लागलं, कपाळावर टेंगूळ आहे पण बाकी नेहमीसारखं आहे, तर स्कॅनची गरज सहसा नसते. डॉक्टरांना दाखवून काही तास लक्ष ठेवणं बहुतेकदा पुरतं.

काळजी कधी? मूल सुस्त आहे, नीट जागं होत नाही, सारखं चिडचिड करतंय, पुन्हा पुन्हा उलट्या होतायत, शुद्ध गेली होती, झटका आला, मोठ्या उंचीवरून पडलं किंवा गाडीने उडवलं. दोन वर्षांखालच्या बाळात कपाळ सोडून डोक्याच्या बाजूला किंवा मागे मऊ सूज आली, तर ते महत्त्वाचं लक्षण आहे. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ असेल तर लगेच दाखवा. 'हे नेहमीसारखं वागत नाहीये' हे आईचं निरीक्षणसुद्धा त्या नियमांत एक निकष म्हणून धरलेलं आहे. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मार नसताना रात्री सीटी कधी लागतो?

*लकवा.* तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं. इथे सीटी ताबडतोब हवा. कारण मेंदूची रक्तवाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कळत नाही. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देतात, आणि तेही रक्तस्राव नाही याची सीटीने खात्री करूनच. म्हणून लकव्याच्या रुग्णाला थेट सीटी असलेल्या रुग्णालयात न्या. मधल्या दोन ठिकाणी थांबून सलाइन लावण्यात वेळ घालवू नका.

झोपेतून उठल्यावर लकवा दिसला, तर 'शेवटचं नीट कधी पाहिलं' ती वेळ सांगा. रात्री दहाला बोलत होते, पहाटे चारला पाणी मागितलं, अशा बारीकसारीक गोष्टींवर उपचार ठरतात.

*डोकेदुखी.* नेहमीची अर्धशिशी असेल, तपासणी नॉर्मल असेल, तर सीटी लागत नाही. पण एका क्षणात कुणी डोक्यात घाव घातल्यासारखं जीवघेणं दुखणं सुरू झालं, मान ताठ झाली, ताप आणि गुंगी आली, तर रात्रीच जा. मेंदूभोवतीच्या अशा रक्तस्रावात पहिल्या सहा तासांतला सीटी जवळजवळ अचूक असतो. उशीर झाला की रक्त फिकट होत जातं आणि चुकण्याची शक्यता वाढते.

*साधी भोवळ.* उन्हात, उपाशीपोटी, गर्दीत चक्कर येऊन पडला, लगेच सावरला, डोक्याला मार नाही, तपासणी नॉर्मल आहे, तर डोक्याच्या सीटीतून सहसा काही हाती लागत नाही. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहतात.

साखरेचा मुद्दा महत्त्वाचा. मधुमेहाच्या रुग्णाची साखर खूप खाली गेली, तर गुंगी, बरळणं, झटका, अगदी लकव्यासारखी लक्षणंही दिसतात. बोटाला टोचून एका मिनिटात ती तपासता येते, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. सीटीसाठी गाडी काढण्याआधी साखर बघितली का, एवढा प्रश्न विचारायला विसरू नका.

आधी सीटी की आधी पुढचं रुग्णालय?

गंभीर जखमीच्या बाबतीत सर्वांत आधी असतो तो श्वास. मग रक्तस्राव थांबवणं आणि रक्तदाब सांभाळणं. प्राणवायू कमी पडला किंवा रक्तदाब घसरला की आधीच दुखावलेल्या मेंदूचं नुकसान वाढतं. श्वास धड नसलेल्या रुग्णाला स्कॅनच्या टेबलावर झोपवणं धोक्याचं आहे. म्हणून डॉक्टर आधी नळी, ऑक्सिजन, सलाइन यात वेळ देत असतील, तर तो वेळ वाया जात नाही.

त्यानंतरचा प्रश्न असतो: जवळच्या गावात सीटी करून पुढे जायचं की थेट सोलापूर-लातूर? सीटी लगेच होत असेल आणि त्यावरून पुढचं ठरणार असेल, तर तो करावा. पण रुग्ण बेशुद्ध आहे, न्यूरोसर्जनची गरज उघड दिसते आहे आणि इथे तंत्रज्ञ यायला तास लागणार आहे, तर त्या सीटीसाठी थांबण्यात अर्थ नाही. मेंदूवर दाब आणणाऱ्या ताज्या रक्तस्रावात तास मोजले जातात. १९८१ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात अशा बेशुद्ध रुग्णांपैकी चार तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ३० टक्के होतं, उशीर झालेल्यांत ९० टक्के. उपचार आता सुधारले आहेत, पण वेळेचं महत्त्व तेच आहे.

सीटी झाला असेल तर प्लेट आणि सीडी सोबत घ्या, नाहीतर पुढे तोच स्कॅन पुन्हा होतो. पुढच्या रुग्णालयाला आधी फोन करायला इथल्या डॉक्टरांना सांगा, म्हणजे न्यूरोसर्जन आणि खाट आहे का ते निघण्यापूर्वीच कळतं. शक्य असेल तिथे खासगी जीपऐवजी १०८ची रुग्णवाहिका मागवा.

'सीटीची गरज नाही' म्हटल्यावर घरी काय करायचं?

ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन यांचं उदाहरण जगभर गाजलं. मार्च २००९मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना त्या पडल्या. सुरुवातीला बोलत होत्या, हसत होत्या, मदत नको म्हणाल्या. काही वेळाने डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. कवटी आणि मेंदूवरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठलं होतं. अशा इजेत मधले काही तास माणूस ठणठणीत दिसू शकतो. हे क्वचित घडतं, पण निरीक्षण का करायचं ते यावरून कळतं.

पहिले २४ तास रुग्णाला एकटं सोडू नका. झोपू दिलं तरी चालतं, 'झोपला की संपला' हा गैरसमज आहे. मात्र डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढ्या वेळाने हाक मारून उठवा आणि नाव, गाव विचारा. दारू, झोपेची गोळी टाळा. वाहन चालवू देऊ नका. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा उलट्या, गोंधळ, झटका, हातापायात अशक्तपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं किंवा उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच परत न्या.

इथे अंतराचा विचार करायलाच हवा. हे नियम जिथे तयार झाले, तिथे परत येणं सोपं असतं. वाडी-वस्तीवर रस्ता नाही, रात्री गाडी मिळत नाही, घरी लक्ष ठेवायला कुणी नाही, तर डॉक्टरांना तसं सांगा. अशा वेळी रात्रभर तालुक्याच्या रुग्णालयात राहणं, नाहीतर गावातल्या पाहुण्यांकडे मुक्काम करणं, हे सीटीसाठी धावण्यापेक्षाही आणि घरी परत जाण्यापेक्षाही शहाणपणाचं ठरू शकतं.

डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं?

सांगायच्या गोष्टी: मार किती वाजता लागला, कसा लागला, किती उंचीवरून, शुद्ध गेली होती का आणि किती वेळ, उलट्या किती झाल्या, झटका आला का, दारू घेतली का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. बाई गरोदर असेल तर तेही. डोक्याच्या सीटीत पोटातल्या बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग अगदी नगण्य असतो. खरी गरज असेल तर गरोदरपण आहे म्हणून तो टाळत नाहीत.

विचारायचे प्रश्न तीन: कोणत्या लक्षणामुळे सीटी हवा आहे? रिपोर्टने आज रात्रीचा उपचार बदलणार आहे का? आत्ता केला नाही तर किती वेळ आणि कुठे निरीक्षण करायचं? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही.

आपला चालू मोबाइल नंबर केसपेपरवर नीट लिहिला आहे का तेही बघा. रात्री मिळतो तो अनेकदा प्राथमिक रिपोर्ट असतो. सकाळी रेडिओलॉजिस्टने पुन्हा पाहून काही वेगळं सांगितलं, तर रुग्णालयाला तुम्हाला गाठता यायला हवं.

खर्चाचं काय?

रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५मध्ये रोखरहित उपचार योजना लागू केली. नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यात बसतो. रुग्णालयात गेल्याबरोबर त्याची चौकशी करा. आणि रस्त्यावर पडलेल्या अनोळखी जखमीला रुग्णालयात नेताना पोलिसांची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

हा लेख डॉक्टरांच्या तपासणीला पर्याय नाही. पण पुढच्या वेळी फॅमिली ग्रुपवर रात्री मेसेज येईल, "काका गाडीवरून पडलेत, काय करू?", तेव्हा 'सीटी काढा' किंवा 'सकाळी बघू' असं लिहिण्याआधी एवढंच विचारा: पूर्ण भानावर आहेत का, उलट्या किती झाल्या, झटका आला का, कानानाकातून काही येतंय का, वय किती, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, दारू घेतली होती का? गाडी आत्ता काढायची की काकांना तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं, हे या उत्तरांवरून ठरेल.